सुपडू पेंटरचा नऊ

सावद्याच्या नाक्यावर, केळीच्या वखारीला टेकून
माझ्या बापाची टपरी होती.
खारीच्या शेपटीचा ब्रश, पिवळ्या रंगाचा डबा,
आणि श्वास रोखून एका दमात उतरवलेला नऊ.
त्याच्या नऊचं शेपूट जरा जास्तच खाली यायचं,
सुकी नदी वळते तसं.
केळीचे ट्रक दिल्लीला पोचले की
तिथला हमाल म्हणे बोट ठेवून सांगायचा,
हा नऊ सावद्याचा.

पुढारी पोरं यायची.
एक्केचाळीस एक्केचाळीस असा काढ की दादा वाचता यावं.
तो काढायचा. दंड झाला की तीच पोरं परत,
मग तोच आकडा सरळ करून द्यायचा,
दोन्ही वेळचे पैसे घेऊन.

आता मी फैजपूर रोडवर पाट्या बसवते.
इथे नऊ सगळ्यांचा एकच.
पत्रा दाबून उठवलेला, वर काळी पट्टी तापवून चढवलेली.
डाव्या कोपऱ्यात चक्र, तिरप्या उन्हात रंग बदलणारं.
खाली लेझरनं कोरलेला बारीक आकडा,
इंजिनाच्या आणि चासीच्या नंबराशी
लांबच्या कुठल्या कपाटात गाठ मारलेला.
कुलूप एकदाच लागतं. टक्.
काढायचं तर तोडायचं.

काल बाप आला, त्याची वीस वर्षांची स्प्लेंडर घेऊन,
अपॉइंटमेंटची पावती खिशात घडी करून,
गिऱ्हाइकासारखा रांगेत उभा.
मी पाना लावला. स्क्रू गंजलेले.
तो म्हणाला, मले सांग, या नव्या पाटीले मालूम आहे का मी कोन?

शेजारी आयशर उभा होता, त्याच्या काचेवरचा टॅग दाखवला.
आत तिळाएवढी चिप, भोवती चंदेरी नक्षी.
बॅटरी नाही.
टोलवरच्या खांबावरून लहर येते,
त्या लहरीच्याच ताकदीवर ती जागी होते,
आपला आकडा सांगते, परत निजते.
म्हंजे हाक मारल्याबिगर ओ देत नही?
नाही. आणि ओ द्यायला दमही हाक मारणाऱ्याचाच.
आन् खोटं नाव सांगितलं तर?
सांगता येत नाही, बाबा. चिप आहे.

तो गप्प झाला. मला कळलं का ते.
त्याच्याआधी आईची चार लेकरं गेली.
पाचव्याला सुपात निजवून शेजारणीला विकलं,
सव्वा रुपयाला परत घेतलं, नाव ठेवलं सुपडू.
यम आलाच तर यादी चाळेल,
हे तर टाकलेलं पोर म्हणून पुढच्या गल्लीत जाईल.
एकाहत्तर वर्षं झाली,
त्याला अजून पत्ता लागलेला नाही.

नवी पाटी बसली. टक्.
जुनी त्यानं पंचात गुंडाळली.
नियमानं ती जमा करायची असते.
मी रजिस्टर उघडलं, पेन शोधलं,
बराच वेळ सापडलं नाही.

संध्याकाळी चौकातून येताना दिसला.
खांबावरच्या कॅमेऱ्याखाली
गाडी उगाच हळू केली त्यानं,
आणि हेल्मेटच्या आतून, मास्तरानं हजेरी घ्यावी तसा,
काहीतरी बोलला.
मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता,
त्यामुळे नीट ऐकू आलं नाही.