गाठ मारेपर्यंत

सहा महिने मी संगणकाला शिकवत होते
रेवप्पा वाजंत्रींची सुंदरी ऐकायला.
दीड वितीचं लाकूड, तोंडाशी ताडाच्या पानाची जिभली,
आणि मुलतानीचा गंधार असा
की पडद्यावर दोन खणांच्या मधल्या भिंतीवर जाऊन बसायचा.
हिरवी रेघ लाल व्हायची: चूक.
रेवप्पांनी चष्मा कपाळावर चढवला.
"त्याला सांग की बाई, भिंतीवरच राहतोय आमी."
मग मी भिंत काढून टाकली.
दोन रात्री लागल्या.

कार्यक्रम साखर पेठेत, बंद पडलेल्या शेडमध्ये,
साडेचारला, मुलतानीची वेळ म्हणून.
माग विकले गेलेले; फरशीत त्यांचे बोल्ट तेवढे राहिलेले,
पायाला ठेच नको म्हणून खुर्च्या वाकड्यातिकड्या मांडल्या.
एप्रिल. पंखे बंद, माईकमध्ये घरघर नको.
पत्र्याखाली ऐंशी माणसं पुठ्ठ्यांनी वारा घेत.

पलीकडच्या शेडमध्ये एक माग चालूच.
पोचय्या कोंतम, टॉवेल, दिवसपाळी.
सकाळी जाऊन विनवलं होतं, तासभर थांबवा.
"तासाचं किती देतंव?"
मी आकडा सांगितला.
तो हसलाही नाही. धोट्यात नवी कांडी घातली
आणि बटण दाबलं.

रेवप्पांनी षड्ज लावला.
संगणकाने ऐकलं, उत्तर दिलं,
पण त्यांना नाही. भिंतीला.
खटक-फटाक, मिनिटाला एकशे बारा,
तोच ठोका त्याने उचलला, त्यावर माझे साठवलेले स्वर
एकेक करून ठेवत गेला, मला न विचारता.
माझी बोटं कळफलकावर तशीच.
पुढच्या रांगेतले माना डोलवत होते,
त्यांना वाटलं, असंच बसवलंय.
रेवप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे,
आणि विलंबित तिथेच सोडून
त्या ठोक्यावर चढले.

अकरा मिनिटं.
मग पलीकडे ताण्याचा धागा तुटला.
माग थांबला.
संगणक थांबला.
रेवप्पा गाल फुगलेलेच ठेवून थांबले.
पुठ्ठे थांबले.
मी लिहिलेल्या चार हजार ओळींत
ही शांतता कुठेच नव्हती.
भिंतीआड एक माणूस डोळे बारीक करून
दोन टोकं शोधत होता,
त्याला काय ठाऊक,
ऐंशी जण त्याच्या गाठीसाठी खोळंबलेत.

फटाक.
आणि त्याच क्षणी गंधार,
भिंतीवर.

दुसऱ्या दिवशी मी मानधनाचे तीन वाटे केले.
पोचय्याने पाकीट उघडलं, नोटा दोनदा मोजल्या,
दहाची एक परत केली.
"मधी थांबलंता की माग, दीड मिनिट.
तेवढं कापून घे."