डायल टोन नाही

मासिकासोबत फुकट आलेली सीडी,
तिच्यावर पेंग्विन.
चिखलपारच्या मे महिन्यात बर्फाचा पक्षी.
त्याला जागा दिली, कारण जुनी विंडोज
व्हायरसने खाल्ली होती, सोंडे लागलेल्या गव्हासारखी:
वरून दाणा साबूत, आत पीठ.

सगळं चाललं. चित्रं आली, आवाज आला,
मराठी अक्षरंसुद्धा, वेलांट्या जरा सैल.
मॉडेम तेवढा बोलेना.

वरोऱ्याच्या कॅफेत कळलं
की हा पुरता मॉडेम नाहीच.
अर्धी चिप, बाकीची अक्कल सॉफ्टवेअरची,
आणि ती अक्कल विंडोजलाच दिलेली.
पेंग्विनसाठी ड्रायव्हर वेगळा,
मिळतो इंटरनेटवर.
आईला सांगितलं तर भाकरी थापता थापता म्हणाली,
"बादली पडली विहिरीत, काढाले गळ पायजे,
अन् गळ ठेवला बादलीत."

मग बस. जायला अठरा रुपये, यायला अठरा,
कॅफेचा तास तीस.
पेन ड्राइव्ह रुमालाच्या गाठीत.
घरी येऊन ‘मेक’ लिहिलं, तर म्हणे
कर्नलचे हेडर नाहीत.
पुन्हा अठरा, पुन्हा अठरा.
चौथ्या खेपेला कंडक्टरनं विचारलं,
"दवाखान्यात कोनी भरती हाय का, बाई?"
मी हो म्हटलं.

लाइट रात्री साडेअकराला येई.
बॅटरी पस्तीस मिनिटांची, तीही पहिल्या दहात धापा टाकणारी.
एका रात्री पावणेदोनला ड्रायव्हर बसला,
एकही चूक न दाखवता,
इतका मुकाट की मीच घाबरले.
नंबर लावला.
"नो डायलटोन."
फोन उचलून ऐकला. टोन तर आहे.
रिसीव्हर लॅपटॉपजवळ नेला, वेड्यासारखा.
हा काय. ऐक ना.
"नो डायलटोन."

सकाळी लटारी कोवे आला, लाइनमन,
सायकलच्या दांडीला तारेचं भेंडोळं.
एका कानाला रिसीव्हर, दुसऱ्या कानात बोट,
बराच वेळ ऐकलं त्यानं.
"आपल्या एक्सचेंजचा गळा बसला हाय, पोळ्यापासून.
मले समजते.
तुमच्या डब्ब्याले कसं समजन?
थो कोन्या गावचा?"

मी सेटिंगची फाइल उघडून पाहिली.
देश: अमेरिका.
मला कुणी विचारलं नव्हतं.
खोडून भारत लिहिलं, वाटलं आता झालं.
नाही झालं.

छापून आणलेल्या कागदांत, नवव्या पानाच्या तळाशी,
शाई संपत आली होती तिथे, एक ओळ होती:
एक्स-तीन लिहा. म्हणजे मॉडेम
टोनची वाट पाहत नाही, सरळ नंबर फिरवतो.
लटारीला वाचून दाखवली.
"हे तं आमी रोजच करतो," म्हणाला,
"खांबावर चढून. आवाज नसन तरी फिरवून पाहाचा."

फिरवला.
टक टक टक, नवाला नऊ टकटक, जुनं एक्सचेंज.
मग पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं,
मग घोगरी शीळ,
मग नळावर दोघी भांडतात तसं, एकमेकींचं न ऐकता,
मग रेतीचा ट्रक मागून उघडला
आणि रेती सांडतच राहिली.
एकदम शांत.

"बंद पडलं?" आई चुलीजवळून.
"नाही. लागलं."

आणि मग लक्षात आलं,
काय पाहायचं ते ठरवलंच नव्हतं.
इतक्या दिवसांत एकदाही.
मिनिटं मोजली जात होती. तोंडाला आला तो पत्ता टाकला.
एक पान वरून खाली उतरू लागलं, ओळीओळीनं,
कुणाचा तरी फोटो, आत्ता फक्त केस.

लटारी वाकून पाहत होता, हातात पक्कड तशीच.
"तिकडं आता किती वाजले असन?"
"कुठं?"
"कुठीबी."