शाळेशी संबंधित एक व्यक्ती

पत्र येतं शुक्रवारी, रात्री नऊला दहा कमी असताना.
नेहमी शुक्रवारीच.
जणू विषाणूसुद्धा आठवडाभर वर्गात गुमान बसतो
आणि शेवटची घंटा झाल्यावरच तोंड उघडतो.

‘शाळेशी संबंधित एका व्यक्तीला लागण झाल्याचे निश्चित झाले आहे.
संपर्कात आलेल्यांना कळवण्यात आले आहे.
आपल्याला फोन आला नसेल, तर काळजीचे कारण नाही.’

मी फोन उलटासुलटा करून बघते,
आवाज बंद तर नव्हता ना.
फोन नाही म्हणजे काळजी नाही.
इतकं सोपं असतं तर
गेली अकरा वर्षं मी झोपले असते.

बाहेर सुपीरियर सरोवर, काठाला बर्फ धरू लागलेलं,
थंडर बेची धान्याची कोठारं अंधारात उभी.
लीना कोस्केलाचा मेसेज : कितवीतलं?
डेल्फीन वाबूसचा : बस कुठली, सात नंबर की बारा?
कुणी म्हणे शिपाई.
कुणी म्हणे तिसरीतली ती मुलगी, तिची आई नाही का, लग्नाला गेली होती.
अकरा वाजेपर्यंत आम्ही
निम्मी शाळा आजारी पाडली.

मला नाव नको होतं. खरंच सांगते.
कुठली खोली, कुठला वार,
खिडकी उघडी होती का, एवढंच.
मी वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात असते.
रोज चौऱ्याऐंशी ट्रे.
हालोनेन आजोबांना बटाटा मऊ, कुस्करलेला,
श्वास आधीच उसनवारीचा.
सोमवारी मी त्या दारातून आत जायचं की नाही
हे पत्रातल्या कितव्या ओळीत लिहिलंय?

मुख्याध्यापक प्रुडनना तीनदा लिहिलं.
शेवटी फोनवर आले. खासगीपणाचा कायदा वगैरे.
मग आवाज खाली आणून म्हणाले,
‘मलाही शाळा सुटल्यावरच कळतं, बाई.
माझी मुलगी दुसरीत आहे.’
फोन ठेवल्यावर
माझा राग हातातच राहिला,
ठेवायला जागा न सापडलेल्या ओल्या छत्रीसारखा.

एनोला विचारलं, वर्गात कोण कोण येत नाही रे?
सूपमधून मान वर न करता तो म्हणाला,
‘रिकाम्या खुर्च्या मोजायच्या नाहीत, असं टीचर म्हणतात.’
थोड्या वेळाने म्हणाला, ‘चार.’

डिसेंबरात एकदा टोस्ट जळत होता
आणि एनो शेजारी उभा होता, शांत.
धूर दिसत होता त्याला.
वास येत नव्हता.

मग नाकात काडी, मग दोन दिवस,
मग वृद्धाश्रमाला फोन, की ट्रे आता दुसऱ्या कुणी लावावेत,
आणि हालोनेन आजोबांना, प्लीज, कुस्करून.
मग शुक्रवार. नऊला दहा कमी.
‘शाळेशी संबंधित एका व्यक्तीला…’

व्यक्ती सोफ्यावर झोपली होती.
एका पायात मोजा, दुसऱ्यात नाही.
केस कपाळाला चिकटलेले,
तोंडाला अजून संत्र्याचा रस.
शब्द तेच. स्वल्पविरामसुद्धा तिथेच.
महिनाभर मी ज्या दारावर धडका दिल्या
ते दार आज पहिल्यांदा
आतल्या बाजूने पाहिलं.

फोन थरथरला. लीना :
कोण आहे, काही कळलं का?

लिहिलं, माझा एनो. पुसलं.
लिहिलं, नाही गं, काहीच नाही. तेही पुसलं,
ते पुसायला जास्त वेळ लागला.
त्या तिसरीतल्या मुलीची आई
त्या रात्री कुठल्या ओट्याला टेकून उभी असेल
हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

मग लिहिलं :
पाचवी. खोली अकरा.
सात नंबरची बस, मंगळवार आणि बुधवार,
डावीकडे, मागून तिसरी सीट.

पाठवलं.
पडद्यावर तीन ठिपके नाचले, थांबले, पुन्हा नाचले.
तुला कसं माहीत?

सोफ्यावरचा श्वास मोजत मी उभी राहिले.
वीसपर्यंत. पुन्हा वीसपर्यंत.
मग आठवलं, एक सांगायचं राहिलंच,
आणि लिहिलं :
खिडकी बंद होती.