दोन रिकाम्या जागा

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात मला ब्रसेल्सहून धाडलं
कोपनहेगनच्या एका तळघरात.
काम एवढंच : मित्रराष्ट्रांच्या तारेला
कुठे भोक पडलंय का, बघून ये.
मित्रराष्ट्र हा शब्द मी दिवसाला चाळीसदा टाइप करायचो
आणि चाळीसदा त्यांच्यातल्याच कुणाकडे तरी
तिरक्या नजरेनं बघायचो.
पगार त्या तिरकेपणाचाच होता.

खाली यंत्रांची ऊब, वंगणाचा वास,
आणि इंगेलिसे क्रोग, वय एकावन्न,
कोपरावर ठिगळ लावलेलं लोकरी जाकीट खुर्चीच्या पाठीला,
खुर्चीखाली ओले बूट.
तिनं किल्लीची फीत दाखवली : बारीक भोकांची, पिवळट.
हिची जुळी बहीण लिस्बनला.
एकदा वापरली की दोघी जाळायच्या,
मग राख ढवळायची, नियम सातवा.
"राखेवरही विश्वास नाही आमचा," म्हणाली.
हसली नाही.

रोज रात्री दोन वाजता
तार जिवंत आहे का, हे बघायचं.
लिस्बननं विचारायचं, इकडून उत्तर.
अकरा आकडे, वेळ, पूर्णविराम.
तिकडे पाऊस आहे का, हे विचारायला
फॉर्म नव्हता.

पण मी मोजत गेलो. मोजणं हीच माझी विद्या.
पूर्णविरामाच्या पुढे दोन रिकाम्या जागा.
तिकडून दोन, इकडून दोन,
चार वर्षं, सुट्टी नाही, सणवार नाही.
फक्त एका मार्चमध्ये नऊ रात्री
लिस्बनला दुसराच हात होता :
झरझर, बिनचूक, पूर्णविरामाशी करकचून थांबणारा.
दहाव्या रात्री दोन जागा परत आल्या.
त्या रात्री कोपनहेगननं
उत्तरात चार सोडल्या होत्या.

हे काय, मी विचारलं.
"यंत्र जुनं आहे. जागेची कळ अडकते."
मी कळ दाबली. पुन्हा दाबली.
लोण्यासारखी वर आली.
ती माझ्या बोटाकडे बघत होती.
"थंडीत अडकते," म्हणाली,
आणि कपाळावरचा घाम पुसला.

तिथल्या तिथे मी ती तार बंद करवली,
माझ्याच सहीनं, आठ दिवस.
कुणी कुणाला काही कळवू नये म्हणून.
आठव्या दिवशी लिस्बन.
खिडकीतून नदी, अंगणात संत्र्याचं झाड,
आन्सेल्मु क्वारेझ्मा सदऱ्याच्या बाह्या दुमडून बसलेला,
माझ्यासाठी एवढीशी कॉफी, बशीत बदाम.
प्रश्न पुरता विचारूनही झाला नव्हता.
"यंत्र जुनं आहे, साहेब. जागेची कळ अडकते."
केव्हा?
तो खिडकीबाहेरच्या लख्ख उन्हाकडे बघत राहिला.
"थंडीत."

मी तह पाहिलेत. सत्तावीस पानांचे,
सहा देशांच्या सहा शाया,
आणि शाई वाळायच्या आत पाठीमागे कुजबुज.
पण एकमेकांना न विचारता
एकच खोटं, त्याच शब्दांत,
दोन हजार किलोमीटरवरून?
बदाम मी खाल्ले नाहीत. खिशात घातले, का कोण जाणे.

अहवाल दीड ओळीचा :
दोष यांत्रिक. उपाय अनावश्यक.
खाली योरिस व्हानहेके, तारीख, शिक्का.
आयुष्यात एवढं वाईट काम दुसरं केलं नाही
आणि एवढं सुवाच्य अक्षरही
पुन्हा कधी आलं नाही.

चौऱ्याऐंशीत नवी यंत्रं आली.
फीत नाही, राख नाही, झोपेतही चालतील अशी.
कराराच्या परिशिष्टात एक कलम होतं :
संदेशाच्या शेवटच्या रिकाम्या जागा
यंत्र आपोआप गाळेल.
कुणी लिहिलं होतं, माहीत नाही.
तपासून सही करणारा मी.

पहिल्या रात्रीची नोंद मागवून घेतली होती.
दोन वाजता, अकरा आकडे, वेळ, पूर्णविराम.
दोन्हीकडून.
त्यापुढे कुणी कळ दाबली, किती वेळ दाबून धरली,
ते कागदावर उमटलेलं नाही.