बोट किती खोल बसलीय

ॲबरडीनच्या पेपरात आज पानभर जाहिरात:
करडा समुद्र, एक सीगल,
आणि खाली, माफी मागावी इतक्या बारीक अक्षरांत,
‘आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. तेल संपत आलं आहे.’

इशबेल गेडिसने तो समुद्र टेबलावर पसरला
आणि त्यावर बटाटे सोलायला घेतले.

एकतीस वर्षं ती त्या पाण्याखालचा दगड वाचत होती.
कुठली विहीर दमली, कुठली नुसतं पाणी ओकते,
कुठली अजून सात-आठ वर्षं निभावून नेईल,
तिला पाठ होतं, घरातल्यांची दुखणी पाठ असावीत तसं.
अठ्ठ्याण्णव साली तिने अहवालात एक वाक्य लिहिलं:
‘उतार सुरू झाला आहे.’
विशेषण नाही, काही नाही.
साहेब म्हणाले, वाक्य चांगलंय, पान नको.
छापील प्रतीत सोळानंतर थेट अठरावं पान आलं.
त्या वर्षी शेअर वधारला.

आता तेच वाक्य, शहरभर, दाराशी.
खरं तर तिला आनंद व्हायला हवा होता.

तिचा बाप टॉरीचा. हॅडॉक धरायचा.
बोटीचं नाव ‘गुड इंटेंट’, म्हणजे नेक इरादा;
इराद्याला रंग दर दोन वर्षांनी लावावा लागे.
धक्क्याला लागता लागता तो ओरडायचा,
‘काही नाही रे तिकडे! रिकामा पडलाय समुद्र!’
सात वर्षांची इशबेल रडायला लागायची.
आई तिची हनुवटी धरून खाली वळवायची:
तोंडाकडे नको बघू त्याच्या.
पाण्याची रेघ बघ.
बोट किती खोल बसलीय ते बघ.

आणि ज्या हिवाळ्यात बोट खरोखरच
बदकासारखी वर तरंगत आली,
त्या हिवाळ्यात बाप कोट घालून बँकेत गेला
आणि म्हणाला, मासा? मासा तर मावत नाही.

संध्याकाळी भाचा आला, रूअरी.
कंपनीच्या ‘संवाद’ विभागात असतो.
जाहिरात त्याचीच. सीगलसुद्धा त्यानेच निवडलेला;
आधीचा फार लठ्ठ दिसत होता म्हणे.
सालींखालचं स्वतःचं वाक्य ओळखून तो हसला.
‘मावशी, यात खोटं काय आहे?’

काहीच नाही.
तेच तर तिच्या घशात अडकलं होतं.
खोटं असतं तर खोडता आलं असतं.

बटाटे कुस्करता कुस्करता तो सांगत राहिला,
पुढच्या महिन्यात मंत्री येणारेत,
शेटलंडच्या पश्चिमेचे परवाने आता अडणार नाहीत,
संपत आलंय म्हटल्यावर कोण अडवणार?
भावही बरा राहील.
आणि ते जुने पोलादी पाय,
समुद्रातून उपटायचा खर्च,
त्यातला अर्धा तरी सरकारने...
लोणी आहे का?

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून,
असं जग समजूतदारपणे म्हणतं
आणि पोहऱ्याचे जास्त पैसे मोजतं.
आड कुणाच्या परसात आहे,
रहाट कुणाच्या हातात,
हे विचारायला कुणी वाकत नाही;
संपत आलेल्या गोष्टीपुढे
माणसं टोपी काढून उभी राहतात.

इशबेलने काट्यांसाठी खण उघडला.
तळाशी अंथरलेला कागद पिवळा पडलाय,
कोपऱ्यात आकडा, सतरा.
रूअरीने दोन काटे उचलले. कागद पाहिला नाही.

खिडकीबाहेर बंदरात दिवे लागले होते.
एक पुरवठ्याची बोट निघाली होती,
डेकवर पाइपांची चळत, ताडपत्रीने आवळलेली,
रिकाम्या म्हटलेल्या समुद्राकडे.

‘काय बघतेस?’
‘काही नाही,’ ती म्हणाली.
रेघ पाण्याखाली गेली होती.