डावखुरी

सातपैकी चार लागतात पास व्हायला.
मला तीन पूर्णांक नऊ.
दुसऱ्यांदा, त्याच विषयात: संगणक रचना.
पेपर हातात देताना ओयार्सूनबाई म्हणाल्या,
तुला आकडेमोड येते गं. यंत्र दिसत नाही.

खरंच नव्हतं दिसत.
पडद्यावर यायचं, स्मृतीची हद्द ओलांडली.
कुणाची हद्द, कुठली स्मृती,
रात्री दोन वाजता मी एकेक ओळ बोटाने वाचायचे,
दुकानाची पावती वाचतात तशी,
कुठे जास्त लावलेत ते शोधत.
शेजारच्या खुर्चीत निबाल्दो तोंड उघडं टाकून झोपलेला,
त्याच्या कीबोर्डात सोपाइपियाचा चुरा.
मधेच जमीन जराशी हलायची.
कपाटं भिंतीला बोल्टांनी जखडलेली,
कुणी उठायचं नाही,
फक्त सगळ्या टेबलांवरून एकदम
'जतन करा'च्या कळा वाजायच्या.

पहाटेची मिक्रो पकडून तालकावानोला घरी.
आई तोवर धक्क्यावर, पालथ्या बादलीवर बसलेली,
मांडीवर सार्डिनचं जाळं, दातांत सुई.
झालं?
नाही झालं.
मग खा आधी.

नोव्हेंबरात विभागाने घरच्यांना बोलावलं.
कागदी पेले, बिस्किटं,
आणि एक यंत्रमानव, जो टेबलावरून पडला.
आई आली चांगला स्वेटर घालून,
बोटांना चिकटपट्ट्या, अंगाला बंदराचा वास.
छातीवर चिठ्ठी: एर्मेलिंदा न्यान्कुपिल.
खाली व्यवसायाची रेघ कोरी.
मला लाज वाटली.
लिहूनच ठेवते, वाटली.
तिला घाईघाईने जिन्याकडे नेत होते
तर ती काचेच्या कपाटापाशी थांबली.

आत एका जुन्या यंत्राची स्मृती.
तळहाताएवढी चौकट,
तिळाएवढ्या काळ्या कड्या, चार हजार शहाण्णव,
प्रत्येकीतून आडवी, उभी, तिरपी
केसासारखी तार.
पाटीवर कंपनीचं नाव, वर्ष, वजन.

आई वाकली. काचेवर श्वासाचा ढग.
तो बाहीने पुसून
ती एका तारेमागे निघाली, नुसत्या नजरेने,
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
आणि म्हणाली,
ही डावखुरी होती.

कोण?

ओवणारी. बघ, वळण कुठून घेतलंय.
आपली एदुविखेस मावशी असंच घ्यायची,
तिचं जाळं लांबून ओळखू यायचं.
आणि इथे, या कोपऱ्यात, दमलीय.
किंवा कुणी हाक मारली असेल.
उसवून परत ओवलंय.

ओयार्सूनबाई मागेच उभ्या होत्या, हातात पेला.
बावीस वर्षं त्या कपाटावरून जातायत.
काही बोलल्या नाहीत.
चष्मा पुसला, आणि आईशेजारी वाकल्या.

परतीच्या मिक्रोत आईने विचारलं,
एवढ्या कड्या, लक्षात काय ठेवतात?
म्हटलं, एक कडी, एकच गोष्ट. हो किंवा नाही.
म्हणजे सुरगाठ की निरगाठ.
हो, तसंच. पण एक खोड आहे तिला,
वाचलं की पुसतं.
वाचल्यावर पुन्हा लिहावं लागतं, प्रत्येक वेळी.

आई खिडकीबाहेर बघत होती.
धुक्यात शुद्धीकरण कारखान्याची ज्योत.
मग त्यात नवल काय, म्हणाली,
वापरलं की फाटणारच.
आणि माझ्या खांद्यावर झोपली,
थेट शेवटच्या थांब्यापर्यंत.

तिसऱ्यांदा बसतेय, मार्चमध्ये.
काल रात्री पुन्हा तेच, हद्द ओलांडली.
या वेळी पावती वाचली नाही.
तारेमागे गेले, या टोकापासून,
कोण दमलं होतं, कुठे हाक आली होती.
सापडली.
ओळ दोनशे अकरा.
तेव्हा निबाल्दो जागा होऊन
किती वाजले विचारत होता.