लांबी

गुंडेटींच्या काउंटरवर तीन मशीनं,
आणि बाहेर विजापूर वेशीत ऊन चव्वेचाळीस.

"कशाला पायजे?"
फर्निचरला म्हणालो असतो तर सुटलो असतो.
म्हणालो, बिराजदार वकिलांची हेरल्ड आहे, पासष्ट सालची,
बॉनेट उघडलं की सगळं तोंडच पुढं झुकतं तिचं,
पत्रा हुशार, पण म्हातारा.
गुंडेटींनी चष्मा कपाळावर नेला.

पहिलं ग्राइंडर.
मिनिटाला अकरा हजार फेरे,
रंग, गंज, लांबी, समोर येईल ते उडवतं.
दोन श्वास एका जागी थांबलं
की पत्रा निळा पडतो,
तव्यावरच्या भाकरीसारखा फुगतो,
आणि भाकरीसारखा परत बसत नाही.

दुसरं चौकोनी, सुतारी.
नुसतं थरथरतं. कोपरापर्यंत मुंग्या.
सपाटीला बरं आहे म्हणे.
हेरल्डला सपाट जागा एकच,
नंबरप्लेट.

तिसरं गोल. फिरता फिरता डोलणारं,
त्यामुळे पत्र्यावर त्याच्या वाटा उमटत नाहीत.
डोल अडीचचा घ्यावा की पाच मिलिमीटरचा,
यावर मी तीन रात्री घालवल्यात.
हवेवरचं हलकं असतं हे मलाही कळतं,
पण माझा कॉम्प्रेसर पंक्चरवाल्याकडून उचललेला,
दोन मिनिटांत त्याला धाप लागते.

उस्ताद पायरीवर बसलेत, पाठ दुकानाकडं.
बंदेनवाज उस्ताद, वय शहात्तर,
उजवा अंगठा पेरभर आखूड.
मशीनकडं बघायलाही तयार नव्हते.

गेल्या आठवड्यात डावं मडगार्ड हातानं घासत होतो.
क्रीम रंग गेला, खाली हिरवा,
हिरव्याखाली राखाडी,
मग लांबी. बोटभर जाड. घासतोय, घासतोय, संपेना.
उस्ताद खाटेवरून ओरडत होते,
"कोन बे ह्यो डेंटर? पत्रा ठोकायचा सोडून
लांबी थापलाय भाड्या, चुलीवर शेण थापल्यागत!"
मी हसत होतो. पांढरी धूळ भुवयांवर.

मग पत्रा दिसला.
हातोडीचे ठोके, जोडीजोडीनं,
एक खोल, एक तिरका,
अंगठा नीट न टेकणाऱ्या हाताचे.

उस्ताद खाटेवरून उठले.
खाली वाकून बघितलं.
शिवी अर्ध्यात राहिली होती, ती तशीच गिळली.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"वकिलाच्या बहिणीचं लगीन होतं.
संध्याकाळपर्यंत गाडी पायजे म्हणाले.
मी पन हो म्हनालो."

त्या दिवशी आम्ही दोघंही चहाला गेलो नाही.

आता गुंडेटी तिसऱ्याचं बटण दाबतात.
उस्ताद न बोलता आत येतात,
चालू मशीनच्या पाठीवर तळवा ठेवतात,
बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा.
"हळू होतंय का?"
होतं. एकपासून सहापर्यंत चाक आहे.
"एकवर कर."
गुरगुर खाली येते, दुकानातला पंखा ऐकू येतो.
"ह्येच घे. पाचचं.
घाईचं मशीन माझ्याकडं होतं," म्हणाले, आणि पायरीवर गेले.

पैसे मोजले. धूळ ओढायची नळी वेगळी,
तिचे वेगळे. गुंडेटींनी ऐंशीचे पाच कागद फुकट टाकले,
मी एकशेवीसचे मागितले होते.

दाराच्या कडेची ती वळणदार रेघ मात्र
कुठल्याच मशीनला द्यायची नाही.
तिच्यासाठी बापाचा धोटा आहे,
गिरणी बंद पडली तेव्हा त्यानं खिशातून आणलेला,
टोकाचं लोखंड मी काढून ठेवलंय.
तीनशेवीसचा कागद गुंडाळला
की रेघ आणि धोटा एकमेकांना ओळखतात.

रात्री दहा. अक्कलकोट रोडला शेडमध्ये
अजून पत्रा गरम. चाक एकवर.
उस्तादांनी धुऊन धुऊन विरलेला टॉवेल
मडगार्डवर पसरलाय,
उघड्या हाताला खोटं कळत नाही म्हणतात,
मधे कापड पायजे.
डोळे मिटून हात फिरवतायत, पुढं, मागं,
त्या जोडीच्या ठोक्यांपाशी थांबतात.

"गेलं का?" मी विचारतो.

"हाय अजून."